पाणी एक, वांटेकरी अनेक

इंग्रजी भाषेंत प्रतिस्पर्ध्यास ‘रायव्हल’ म्हणतात, हें आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु हा शब्द मूळ कोठून आला, याचा विचार फारच थोड्यांनीं केला असेल. लॅटिन भाषेंत ‘रीवुस’ म्हणजे ओढा. आणि एकाच ओढ्याचें पाणी घेणारा जो शेजारी, तो ‘रीवालिस’. पुढें याच शब्दास चुरस करणारा, प्रतिपक्षी असा अर्थ चिकटला. प्राचीन रोमन शेतकऱ्याचा सारा कडू अनुभव या एका शब्दांत सांठवून राहिलेला आहे. आपली मराठीहि या बाबतींत मागें नाहीं. ‘भाऊबंद’ हा शब्द किती मायेचा! परंतु त्यास ‘की’ हा प्रत्यय लागून त्याची ‘भाऊबंदकी’ झाली, कीं बांध कोरणें, पाट फोडणें आणि कोर्टाची पायरी चढणें हीं सर्व एकदम डोळ्यांपुढें उभीं राहतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण खेड्यांतून येथें शिकावयास आलेले आहेत. पाण्याच्या पाळीवरून दोन घरांचें बोलणें बंद झाल्याचें उदाहरण आपल्या गांवीं नाहीं, असें छातीवर हात ठेवून सांगणारे तुमच्यांत किती निघतील? हीं भांडणें माणसें वाईट असतात म्हणून होतात काय? आणि जेथें तीं मिटलीं, तेथें तीं कशानें मिटलीं? या दोन प्रश्नांचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पहिला प्रश्न. नदीचें व जमिनीखालचें पाणी, गायरान, जंगल, तलावांतील मासे या सर्व वस्तूंत दोन गुण समान आहेत. एक असा कीं, त्यांना कुंपण घालून इतरांस दूर ठेवणें फार कठीण. आणि दुसरा असा कीं, एकानें जेवढें घेतलें तेवढें दुसऱ्यास उरत नाहीं. सूर्यप्रकाश मीं कितीहि घेतला तरी शेजाऱ्याचा कमी होत नाहीं. परंतु पाण्याची गोष्ट तशी नाहीं. सामाईक वस्तूवरील कलहाचें मूळ या दोन गुणांच्या संगमांत आहे.

हें नीट समजण्यासाठीं फळ्यावर एक साधें गणित मांडूं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी सर्वत्र सांठत नाहीं. वरच्या मुरमाच्या थरांत आणि खडकाच्या भेगांत तेवढें तें राहतें. शेताचा बांध ही माणसानें ओढलेली रेघ आहे. खालच्या पाण्यास ती रेघ दिसत नाहीं. म्हणून पांच शेतकऱ्यांच्या विहिरी पांच असल्या, तरी त्यांखालचा सांठा पुष्कळदां एकच असतो. समजा, पावसाळ्यांत त्या सांठ्यांत शंभर भाग पाणी मुरतें व प्रत्येकजण वीस भाग उपसतो. हिशेब जमला. आतां एकानें विहीर खोल करून तीस भाग उपसले. त्यास लाभ झाला. शेजाऱ्यांच्या विहिरी वैशाखाऐवजीं चैत्रांतच आटल्या. दुसरा म्हणाला, ‘मी मागें राहिलों तर माझेंच पीक जळेल.’ त्यानें कर्ज काढून बोअर मारली. तिसऱ्यानें घरांतील सोनें गहाण टाकून तिच्याहून खोल बोअर मारली. शेवटीं पांचहिजण कर्जबाजारी झाले, आणि मुरणारें पाणी मात्र पूर्वींइतकें शंभर भागच राहिलें! येथें कोणीहि चोर नव्हता व कोणीहि मूर्ख नव्हता. प्रत्येकाचा स्वतःपुरता हिशेब बरोबर होता. चुकली ती पांचांची बेरीज.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें इ.स. १९६८ मध्यें एका गाजलेल्या निबंधांत अशाच प्रकारचा विचार सामाईक कुरणाचें उदाहरण घेऊन मांडला. प्रत्येक गुराखी एक एक जनावर वाढवीत जातो व अखेर कुरणच नष्ट होतें, असें त्याचें म्हणणें होतें. यावर उपाय म्हणून पुष्कळ विद्वान् दोनच मार्ग सुचवूं लागले: सामाईक वस्तु वांटून खाजगी मालकीची करावी, अथवा ती सरकारनें आपल्या ताब्यांत घ्यावी. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम नांवाच्या अमेरिकन विदुषीनें खोलींत बसून तर्क करण्याऐवजीं निरनिराळ्या देशांतील कालवे, कुरणें, जंगलें व कोळ्यांचीं गांवें यांचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला. तिला असें आढळून आलें कीं, कित्येक ठिकाणीं साध्या माणसांनीं आपल्यांतच नियम घालून सामाईक वस्तु शेंकडों वर्षें राखली आहे. हे विचार तिनें इ.स. १९९० मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि इ.स. २००९ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली.

तथापि हें पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जाण्याची गरज नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतच धुळें जिल्ह्यांतील पांझरा आणि नासिक जिल्ह्यांतील मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशें वर्षांपासून ‘फड’ नांवाची पद्धति चालत आलेली आहे. ती कशी चालते तें पाहूं.

नदीच्या पात्रांत आडवा दगडी बंधारा घातलेला असतो. त्यामुळें पाण्याची पातळी उंचावते व पाणी बाजूच्या कालव्यांत शिरतें. या कालव्याखालीं भिजणाऱ्या साऱ्या जमिनीचे सामान्यतः तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात. यांपैकीं प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, असा दंडक असतो. उदाहरणार्थ, एका फडांत ऊंस, दुसऱ्यांत दोन हंगामी पिकें, तिसऱ्यांत नुसतें रब्बीचें पीक. आणि पुढील सालीं ही पिकें फिरवावयाचीं. कोणत्या फडांत काय पेरावयाचें, हें एकटा शेतकरी ठरवीत नाहीं; सर्व मिळून ठरवितात.

वरवर पाहतां हा नियम जाचक वाटतो. ‘माझ्या शेतांत मी काय पेरावें हें दुसऱ्यांनीं कां सांगावें?’ असें कोणीहि विचारील. परंतु यांतील शहाणपण पाहा. एकाच फडांत एकाचा ऊंस व शेजाऱ्याचा हरभरा असला, तर उसाला हवें तितकें पाणी देतांना तें पाझरून हरभरा सडेल, आणि हरभऱ्यापुरतें दिलें तर ऊंस सुकेल. सर्वांचें पीक एक असलें म्हणजे सर्वांची तहान एक, पाण्याची पाळी एक आणि राखणहि एक.

याहूनहि मार्मिक गोष्ट पुढेंच आहे. पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन एका जागीं सलग नसून निरनिराळ्या फडांत थोडीथोडी विभागलेली असते. पाऊस कमी झाला व बंधाऱ्यांत पाणी बेताचें असलें, म्हणजे एखादा फड त्या सालापुरता कोरडा ठेवतात. त्यामुळें टंचाईचा भार सर्वांवर थोडाथोडा पडतो. एकाचें सर्वस्व बुडालें आणि दुसऱ्याचें कांहींच गेलें नाहीं, असें होत नाहीं. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्यानें पोटभर प्यावें आणि शेवटच्या टोंकास असलेल्यानें आभाळाकडे पाहत बसावें, हा जो जगांतील बहुतेक कालव्यांचा रोग, त्यावर आपल्या पूर्वजांनीं असें औषध शोधून काढलें होतें.

नियम केले तरी ते पाळले जातात कीं नाहीं, हें पाहणारा कोणी तरी लागतोच. फड पद्धतींत पाणी सोडणारा तो पाटकरी, पिकाची राखण करणारा तो जागल्या आणि या सर्वांवर देखरेख करणारा तो हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरीच आपल्या पिकांतून देत. जो पाटकरी आपल्या पोटासाठीं त्याच गांवच्या पिकावर अवलंबून आहे, तो एकाचें पाणी दुसऱ्याच्या वावरांत सहसा वळविणार नाहीं. कालव्यांतील गाळ काढण्याचें काम दरसाल सर्वांनीं मिळून करावयाचें. जो घाम गाळील त्यालाच पाण्याचा हक्क, आणि ज्याला हक्क त्यानें घाम गाळलाच पाहिजे, असें हें सरळ समीकरण आहे.

परदेशांतहि याच जातीचीं उदाहरणें सांपडतात. स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया शहरांत तेथील कॅथीड्रलच्या दारापुढें दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां एक न्यायसभा भरते. तूरिया नदीच्या आठ कालव्यांवरील शेतकऱ्यांनीं निवडून दिलेले आठ शेतकरी तेथें न्यायाधीश म्हणून बसतात. वकील नाहींत, कागदांचे भारे नाहींत. सर्व बोलणें तोंडीं आणि निकाल तेथल्या तेथें. ज्या कालव्यावरील तंटा असेल त्या कालव्याचा प्रतिनिधि निकालांत भाग घेत नाहीं. शेंकडों वर्षें चालत आलेल्या या सभेस इ.स. २००९ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. स्वित्झर्लंडमधील टोरबेल या डोंगरी गांवीं इ.स. १५१७ मध्यें असा ठराव झाला होता कीं, आपल्या चाऱ्यावर हिवाळ्यांत जितक्या गाई पोसतां येतात, त्यांहून अधिक गाई कोणीं उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर सोडूं नयेत. एका वाक्याच्या या नियमानें लोभास लगाम घातला. कारण आपल्या गोठ्यांत हिवाळ्यांत किती गाई होत्या, हें साऱ्या गांवास दिसत असे.

या तीन उदाहरणांवरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. सहकार्य म्हणजे केवळ मनाचा चांगुलपणा नव्हे. त्यास नियमांचा आधार लागतो. वांटेकरी कोण व किती, हें निश्चित असावें. जितका लाभ तितका भार असावा. नियम ज्यांना पाळावयाचे त्यांनीच ते केलेले असावे. पाळले जातात कीं नाहीं हें सर्वांस दिसावें. चुकणाऱ्यास शिक्षा व्हावी, परंतु पहिल्या चुकीस ती सौम्य असावी. कारण शेजारी गांवांतून घालवावयाचा नसतो, त्याच्यासह राहावयाचें असतें. तंटा झाला तर तो जवळच, स्वस्तांत आणि लवकर मिटावा. आणि सरकारनें लोकांच्या या व्यवस्थेस मान्यता द्यावी. हीं सात कलमें ऑस्ट्रॉमबाईंच्या विवेचनाचें सार म्हणून सांगतां येतील, आणि आपल्या फडांत त्यांतील बहुतेक आढळतात.

येथें एक अप्रिय प्रश्न विचारणें प्राप्त आहे. ‘गांव करील तें राव न करी’ असें आपण म्हणतों. परंतु गांव म्हणजे कोण? ज्या गांवांत एका वर्गास पाणवठ्यावर येण्याचीच बंदी होती, तेथील एकोपा हा कितीसा खरा एकोपा? जोतीराव फुले यांनीं इ.स. १८६८ मध्यें पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. पुढें इ.स. १९२३ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव झाला, आणि महाडच्या नगरपालिकेनें तो मान्यहि केला. तरी चवदार तळ्याचें पाणी घेण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयांतील वाद इ.स. १९३७ मध्यें मुंबई हायकोर्टाच्या निकालानें संपला. यावरून हें शिकावयाचें कीं, दुबळ्यास बाहेर ठेवून उरलेल्यांनीं केलेली समेट म्हणजे सहकार्य नव्हे. ती ‘बळी तो कान पिळी’ याचीच नीटनेटकी आवृत्ति होय. पाण्याचा वांटा ठरविण्यापूर्वीं पंगतीस सर्वजण बसले आहेत कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

ही गोष्ट मनांत ठेवून ज्यानें प्रत्यक्ष काम केलें, अशा एका गृहस्थाचें उदाहरण घेऊं. इ.स. १९७२ च्या भीषण दुष्काळांत पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार विलासराव साळुंखे हे पुरंदर तालुक्यांत हिंडले. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे हजारों शेतकरी पाहून त्यांच्या मनास चटका बसला. नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेऊन त्यांनीं तेथें पाणी अडविण्याचे व मुरविण्याचे प्रयोग केले, इ.स. १९७४ मध्यें ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली, आणि त्यांतून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम साधे पण क्रांतिकारक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत मिळावयाचें नाहीं, तर घरांतील माणसांच्या प्रमाणांत. माणशीं अर्ध्या एकरास पुरेल इतकें, आणि एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासहि पाण्याचा वांटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जावयाचा नाहीं. फार पाणी पिणारा ऊंस लावावयाचा नाहीं. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनीं स्वतः घालावयाचा.

ज्याच्याजवळ शंभर एकर, त्यासहि अडीच एकरांचेंच पाणी! हें सर्वांस रुचलें असेल, असें समजण्याचें कारण नाहीं. परंतु पाणी हें जमिनीचें शेंपूट नसून माणसाच्या जगण्याचा आधार आहे, हा विचार या नियमांनीं महाराष्ट्रापुढें ठेवला. साळुंखे इ.स. २००२ मध्यें वारले; त्यांनीं घालून दिलेलें तत्त्व मात्र पाण्याच्या प्रत्येक चर्चेंत आजहि पुढें येतें.

जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब कसा ठेवावा, हें अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें दाखवून दिलें आहे. हा भाग पर्जन्यछायेंतील, पाऊस बेताचा. एके काळीं तेथील लोक पोटासाठीं गांव सोडून जात. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, इ.स. १९९० च्या सुमारापासून, गांवानें श्रमदान केलें, डोंगरउतारावर चर खणले, बंधारे बांधले, झाडें तोडणें व मोकाट चराई बंद केली. परंतु पाणी अडविणें हें अर्धेंच काम होय. वाढलेलें पाणी जर बोअर मारणाऱ्यानेंच पळविलें, तर इतरांचे श्रम फुकट. म्हणून शेतीसाठीं बोअर मारण्यास गांवानें बंदी केली, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांसहि मज्जाव केला. पाऊस किती झाला, किती मुरला, हें मोजून दरसाल ग्रामसभेंत पाण्याचें अंदाजपत्रक मांडतात. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी बाजूस काढावयाचें, आणि मग जें उरेल त्यांत कोणतीं पिकें बसतात तें पाहावयाचें. आपण वर फळ्यावर मांडलेली पांच शेतकऱ्यांची बेरीज हें गांव दरवर्षीं उघडपणें करतें. म्हणून ती चुकत नाहीं.

असें असलें तरी गांवाच्या एकोप्यानें सर्व कांहीं साधतें, असें मात्र समजूं नये. ज्या फड पद्धतीची एवढी थोरवी गाइली, तिचेच कित्येक बंधारे अलीकडच्या काळांत निकामी झाले आहेत. नद्यांवर वरच्या बाजूस धरणें झालीं, त्यामुळें खालचा प्रवाह बदलला. विजेचे पंप आले, तेव्हां ज्याच्या विहिरीस पाणी त्यास पाळीची व पंचांची गरज भासेनाशी झाली. पंपाचें बटण दाबतांना शेजाऱ्यास विचारावें लागत नाहीं! शिवाय एका गांवानें कितीहि चांगले नियम केले, तरी वरच्या गांवानें किंवा दूरच्या शहरानें किती पाणी घ्यावें, हें त्याच्या हातीं नसतें. तेथें कायदा व सरकार यांचेंच काम आहे. लोकांचे नियम व सरकारचा कायदा हे एकमेकांस पूरक असले, तरच गाडा चालतो.

पालकांनीं या लेखांतून एवढें घ्यावें कीं, नव्या बोअरसाठीं कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं शेजारच्या चार विहिरींची पातळी एकदां विचारावी. खोल जाण्याच्या शर्यतींत जिंकलेला शेतकरी क्वचितच पाहावयास मिळतो. शेवटीं ज्याची पत संपते तो आधीं थांबतो, आणि दुसरा त्याच्यामागून.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि करण्याजोगें एक काम आहे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत घरीं जाल तेव्हां एक लांब दोरी घ्या, तिला हाताहातावर गांठी मारा, टोंकास दगड बांधा, आणि वडील माणसांस बरोबर घेऊन गांवांतील विहिरींचें पाणी किती खोल आहे तें मोजा. तारीख घालून तें एका वहींत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षें ही वही चालविली, तर तुमच्या गांवाजवळ असा एक कागद होईल कीं ज्यापुढें ‘तुझ्यामुळें माझी विहीर आटली’ आणि ‘छे, तुझ्याचमुळें माझी’ हा वाद फार वेळ टिकणार नाहीं. भांडण पुष्कळदां अंदाजावर वाढतें व मोजमापापुढें नरमतें. ती वही घेऊन ग्रामसभेंत उभें राहण्याइतके तुम्ही मोठे व्हाल, तोंपर्यंत निदान विहिरींतील पाणी खालीं गेलें कीं वर आलें, हें तरी गांवास खात्रीनें ठाऊक असेल.